धक्क्याला रोज बुडणारी बोट

"माझे बाबा रोज बोट खाली ओढतात," ती मुलगी म्हणाली, आणि व्हर्नच्या कपातली कॉफी थेट त्याच्या पँटवर सांडली.

व्हर्नची सकाळ तशी आधीच नासली होती. मागच्या आठवड्यात त्यानं एक जुनी बोट घेतली होती. फायबरची, झकपक निळी, "जेमतेम दोन वर्षं वापरलेली". कौतुक करून घ्यायला तो ती गाडीमागे ओढत साइमा कोतिलाच्या दारात घेऊन आला. साइमानं बोटीकडे धड पाहिलंही नाही. ती मागच्या फळीशी वाकली, उजव्या कोपऱ्यातल्या हल नंबरावरची, म्हणजे बोटीच्या अंगावर कोरलेल्या ओळख-क्रमांकावरची, धूळ अंगठ्यानं पुसली आणि म्हणाली, "शेवटची अक्षरं बघ. डी, शून्य, नव्वद. डी म्हणजे चौथा महिना, शून्य म्हणजे नव्वद साल. एप्रिल नव्वदची आहे ही. आता चौऱ्याण्णवचा मे चालू आहे. कुणी टोपी घातली तुला?"

"दोन काय नि चार काय," व्हर्न पुटपुटला.

"हिशेब तुला लग्नातसुद्धा जमला नाही."

त्यांच्या घटस्फोटाला अकरा वर्षं झाली होती. कागदावर सही करताना आपण सुटलो, असं व्हर्नला वाटलं होतं. पण साइमाला गाडी चालवता येत नव्हती आणि व्हर्नला घरी बसवत नव्हतं. सुपीरियर सरोवराच्या या काठावर चोरीच्या, हरवलेल्या, नंबर खोडलेल्या बोटी शोधून द्यायचा साइमाचा धंदा होता. व्हर्न तिला नेई, आणी, आणि वर बोलणी खाई. बायको गेली, बोलणी राहिली, असं तो सगळ्यांना सांगत फिरे.

मुलीचं नाव सिल्वी रौतिओ. तिशीची असेल. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि अंगातला कोट काढायला तयार नव्हती.

"नीट सांग," साइमा म्हणाली. "पहिल्यापासून. आणि व्हर्न, तू पँट पुस."

सिल्वीचे वडील तोइमी रौतिओ लाकडी बोटी बांधायचे. सगळा किनारा फायबर नि ॲल्युमिनियमवर गेला, तरी हे आणि त्यांचा धाकटा भाऊ ओन्नी लाकूडच तासत बसले. गेल्या ऑक्टोबरात दोघांनी एक नवी बोट पुरी केली. अंधार पडता पडता तोइमी ती घेऊन एकटेच पाण्यावर गेले, असं ओन्नीकाकानं सांगितलं. रात्री वारा सुटला. माणूसही आला नाही आणि बोटही आली नाही.

"मी मिलवॉकीला होते. त्याआधीच बाबांचा फोन आला होता. म्हणाले, सरकारी माणूस येऊन तपासणी करून गेला, आता राज्याकडून नंबर आला की झालं, नंबर आल्याशिवाय मी हिला पाण्याचा थेंब लावू देणार नाही." तिनं कोट आवळून घेतला. "मग आला असेल नंबर. म्हणून तर गेले."

"आणि बोट?"

"रविवारी सकाळी परत आली."

व्हर्न पँट पुसायचा थांबला.

घर विकायचं म्हणून सिल्वी मेच्या सुरुवातीला आली होती. रविवारी सकाळी धुकं एवढं होतं की धक्क्याचं टोक दिसत नव्हतं. ती खिडकीत उभी होती. धुक्यातून बोटीची नाळ, तिचं पुढचं टोक, बाहेर आली. मग नंबर दिसला, मग अख्खी बोट. आवाज नाही, वल्ही नाहीत, माणूस नाही. बोट अर्धी पाण्यानं भरलेली आणि मधल्या आडफळीवर बाबांची लोकरी टोपी.

"शेरीफ म्हणतो, हिवाळाभर बर्फाखाली बुडून राहिली, बर्फ वितळल्यावर वर आली. असेल. मी ती धक्क्याला बांधली, पाणी उपसलं. सोमवारी सकाळी बघते तर बुडालेली. नुसत्या कडा वर. पुन्हा उपसलं. मंगळवारी पुन्हा तेच. आजही तेच." तिचा आवाज चिरकला. "गावात म्हणतात, तोइमीला बोट परत हवीय. ओन्नीकाका तेवढा म्हणतो, चार दिवस जाऊ दे, होईल शांत. शुक्रवारी मला जागेच्या कागदावर सही करायचीय, बाई. बाबा कुठं आहेत ते कळल्याशिवाय मी कशी जाऊ? मला ते सापडायला हवेत. मेलेले असले तरी चालतील."

साइमा उठली. "व्हर्न, तुझी ती म्हातारी बोट गाडीची सोड. आपल्याला निघायचंय."

*

पाइक बेला पोचेपर्यंत दुपार झाली, पण धुकं हटलं नव्हतं. मे महिन्यात सुपीरियरचं पाणी अजून बर्फाच्याच आठवणीत असतं. वरून ऊन आलं की धुराडं पेटल्यासारखं धुकं उठतं. घर, बोटी बांधायची शेड, शेडमधून पाण्यात उतरणारे लोखंडी रूळ आणि लाकडी धक्का, एवढंच काय ते दिसत होतं. पलीकडे काही आहे यावर विश्वास ठेवायचा.

धक्क्याच्या टोकाशी बोट बुडालेली होती. पाण्याखाली पांढरी, लांबट, स्वच्छ. कोणी निजावं तशी.

"आई गं," व्हर्न म्हणाला. त्याला पुढं जावंसं वाटेना. साइमा मात्र धक्क्यावर पालथी पडून बोटीच्या अंगावरून हात फिरवत होती.

"पंप आण. आणि तोंड मिट."

पंपानं तासाभरात बोट उचलली. पाणी खाली जाऊ लागलं, तसा व्हर्न बादली घेऊन आत उतरला. बोट हलली की तो धक्क्याची कड घट्ट धरायचा. तळाशी उरलेलं पाणी त्यानं बादलीनं काढलं, धक्क्यावर चढला आणि बाही पिळली. बाहीला गवताच्या चारदोन काड्या चिकटल्या होत्या. त्यानं त्या झटकून टाकल्या. एक काडी साइमानं उचलून खिशात ठेवली.

"ते कशाला?"

"गवत कुठून आलं?"

"वाऱ्यानं. गवत उडतंच."

"मैलभर पाण्यावरून?"

तेवढ्यात बोटीच्या तळाला पुन्हा पाणी दिसू लागलं. कुठं भोक नाही, चीर नाही. फळ्यांच्या सांध्यासांध्यातून बारीक घाम फुटावा तसं पाणी आत येत होतं. सिल्वी तोंड फिरवून उभी राहिली.

साइमानं मागच्या फळीचा उजवा कोपरा पुसला. तापल्या सळईनं डागलेली अक्षरं, एकेक रेघ सरळ. तिनं शेवटची तेवढी मोठ्यानं वाचली, "के, तीन, चौऱ्याण्णव. सुंदर काम आहे." मग ती पुढच्या बाजूला गेली, नाळेजवळच्या आडफळीखाली खांद्यापर्यंत हात घातला आणि डोळे मिटले.

"आता काय?" व्हर्ननं विचारलं.

"दुसरा नंबर. प्रत्येक बोटीला दोन असतात. एक सगळ्यांना दिसणारा. दुसरा लपवलेला, बांधणाऱ्याला तेवढा माहीत. चोरानं पहिला खोडला तरी दुसरा राहतो." तिची बोटं आत काहीतरी चाचपत होती. बराच वेळ गेला. "आहे. मोठ्या वाशाच्या पाठीला. तोच नंबर, तेच हात."

*

"पुन्हा भरतेय ना?" मागून आवाज आला.

धुक्यातून क्लिफ टेर्वो प्रगट झाला. शेजारच्या खाडीवर त्याची भाड्याच्या खोल्यांची रांग होती. सिल्वीची जागा तोच घेणार होता. पोट सुटलेला, तोंडाचा पट्टा न थांबणारा माणूस.

"सिल्वी, पोरी, मी सांगतो ऐक. विक आणि जा. हे पाणी काही बरं नाही. मी पाहिलंय ना त्या रात्री."

"काय पाहिलंत?" साइमानं विचारलं.

"तोइमीला! माझ्या धक्क्यासमोरून गेला. अंधार पडत होता. मी हाक मारली, त्यानं मान वळवली नाही. तेव्हाच म्हटलं, हा माणूस काही परत येत नाही."

"अंधारात तोइमीच आहे हे कळलं कसं?"

"बोट ओळखली की! नाळेवर काळा नंबर, हातभर उंच. माझ्या धक्क्यावरचा दिवा नेमका त्यावर पडला. इथं आम्ही माणसाचं तोंड बघत नाही बाई, नंबर बघतो."

"खरंय," साइमा म्हणाली. "मीसुद्धा."

क्लिफ गेल्यावर व्हर्न तिच्या कानाशी लागला. "हाच. मी पैज लावतो. जागेवर डोळा आहे त्याचा. पोरीला भुतं दाखवून पळवून लावतोय."

"असेल."

"तू 'असेल' म्हणतेस तेव्हा नसतं."

"मग कशाला विचारतोस?"

*

ओन्नी रौतिओ खाडीच्या टोकावर एकटा राहत होता. वाटेत रस्त्याच्या कडेला एकच टपालपेटी होती आणि तिच्यावर दोघा भावांची नावं. पुढं एक मोठं गवताचं कोठार लागलं. दाराबाहेर जमिनीवर वाळलेलं गवत सांडलं होतं.

"गाई आहेत का?" साइमानं सिल्वीला विचारलं.

"कधीच विकल्या. गवत तेवढं उरलंय."

ओन्नी साउनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या लाकडी खोलीच्या, पायरीवर बसला होता. बुधवार होता, साउना तापत होती, बर्चच्या लाकडाच्या धुराचा गोड वास धुक्यात अडकून राहिला होता. हातापायांनी भक्कम, पण हिवाळ्यात फारच वाळला असावा. कपडे अंगावर दुसऱ्याचे वाटत होते. सिल्वीला पाहून त्याचा चेहरा उजळला आणि लगेच विझला.

"जेवलीस का गं?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"जेवले, काका."

पायरीवर कॉफीचे दोन कप होते. एक ओन्नीच्या हातातला. दुसरा काठोकाठ भरलेला, निवलेला, वर साय धरलेला. व्हर्नला वाटलं, आपल्यासाठीच आहे. त्यानं हात पुढं केला.

"तो नको," ओन्नी म्हणाला. मोठ्यानं नाही, पण व्हर्नचा हात आपोआप मागं आला. "मी दुसरी देतो. ताजी."

साइमा पायरीवर टेकली. "तुमचं आणि तोइमीचं आदल्या दिवशी वाजलं होतं म्हणे. पोस्टात."

"वाजायचंच. चाळीस वर्षं वाजत होतं."

"कशावरून?"

"बोटीवरून. आणखी कशावरून वाजणार?"

"बोट शेवटची कधी पाहिलीत?"

"त्या संध्याकाळी. एकटाच गेला धक्क्यावरून. मग एकदम या रविवारी, सिल्वीनं बोलावलं तेव्हा."

"तुमच्या बोटींवर दुसरा नंबर कुठं असतो?"

ओन्नीला पहिल्यांदाच हसू आलं. "ते सांगत नसतात, बाई. तोइमीला ठाऊक आणि मला ठाऊक. या पोरीलाही नाही सांगितलं आम्ही. नियम तो नियम."

"बोट पाणी घेतेय अजून," सिल्वी म्हणाली.

"उपसत राहा. होईल शांत." त्यानं साउनाच्या मागच्या बर्चच्या झाडांकडे पाहिलं. "उद्या-परवा होईल."

परतताना व्हर्न म्हणाला, "तो दुसरा कप कुणासाठी होता?"

"शाबास," साइमा म्हणाली. "अकरा वर्षांत पहिला कामाचा प्रश्न विचारलास."

*

गुरुवारी सकाळी सिल्वीच्या किंकाळीनं व्हर्न बाकावरून खाली पडला. रात्री ते तिच्याच घरी राहिले होते. तो मोजे न घालताच धावला.

बोट तरंगत होती.

धुक्यात, धक्क्याशी, हलकी, उभारलेली. आत ओंजळभरही पाणी नव्हतं.

"गेले," सिल्वी रडत म्हणाली. "बाबा गेले. सोडली त्यांनी."

व्हर्ननं टोपी काढायला हात वर नेला, तर डोक्यावर टोपीच नव्हती.

"फोन कर," साइमा त्याला म्हणाली. "ओन्नीला बोलव. क्लिफलाही. मग शेरीफला. याच क्रमानं."

अर्ध्या तासात दोघंही धक्क्यावर होते. शेरीफला गावातून यायला वेळ लागणार होता. क्लिफ बोटीकडे बघून छातीवर सारखी क्रूसाची खूण करत होता. ओन्नी बोटीकडे बघतच नव्हता.

साइमा धक्क्यावरच्या पालथ्या बादलीवर बसली.

"सिल्वी, तुझ्या बाबांनी ही बोट कधी ओढली नाही," ती म्हणाली. "आणि आज सोडलीही नाही. लाकडी बोट कोरडी पडली की फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात. पाण्यात घातली की चाळणीसारखी गळते. चार दिवस पाणी पिऊन फळ्या फुगल्या की सांधे मिटतात आणि गळणं थांबतं. बस्स, एवढंच झालं. आता इथं सगळे फायबरवाले. लाकडाची ही खोड विसरून गेलेत."

"म्हणजे?" व्हर्ननं विचारलं.

"म्हणजे ही बोट हिवाळाभर बर्फाखाली नव्हती. तशी असती तर सात महिने पाणी पिऊन फळ्या गच्च झाल्या असत्या, पहिल्याच उपशाला कोरडी राहिली असती. ही हिवाळाभर छपराखाली होती. गवतात. तुझ्या बाहीला काड्या लागल्या होत्या, आठवतं?"

व्हर्ननं नकळत बाही चाचपली.

"आता नंबर. चौऱ्याण्णव हे नुसतं मॉडेलचं साल, आणि तीन म्हणजे त्र्याण्णव साल. त्याआधीचं, शेवटून चौथं अक्षर के. तुझ्या बोटीचं डी होतं, चौथा महिना. के?"

व्हर्ननं बोटं मोजली. हाताची संपली. "अकरावा. नोव्हेंबर." आणि मग त्याचा जबडा खाली आला. "अरे देवा."

"घरी बांधलेल्या बोटीला राज्य ज्या महिन्यात नंबर देतं, त्या महिन्याचं अक्षर त्यात घालतं. तोइमी गेले ऑक्टोबरात. नंबर निघाला नोव्हेंबरात, आणि नाळेवरचा मोठा नंबरही त्याच कागदाबरोबर येतो. ते गेले त्या रात्री या बोटीवर कसलाच नंबर नव्हता. मागं नाही, पुढं नाही." ती क्लिफकडे वळली. "आणि तुमच्या धक्क्यावरच्या दिव्यात तो हातभर उंच चमकला."

क्लिफ पांढराफटक पडला. "मी... ओन्नी म्हणाला, तो गेला. म्हटलं, गेलाच असेल की. सगळे विचारायला लागले, तर आपणही थोडं..." त्यानं घाम पुसला. "मी काही पाहिलं नाही, बाई. देवाशपथ. मी काहीच केलं नाही."

"ते मला कालच कळलं. तुम्ही थापाडे आहात, तेवढेच. दुसरा नंबर कुठं डागतात, हे तुम्हाला सात जन्मात कळलं नसतं. आणि तो तिथं आहे. ज्यानं पहिला डागला, त्यानंच दुसराही डागला, नोव्हेंबरनंतर. ती जागा दोनच माणसांना ठाऊक होती."

"मग तोइमी जिवंत आहे!" व्हर्न ओरडला. "त्यानंच डागला!"

सिल्वीनं मान झटक्यात वर केली. तिच्या डोळ्यांत जे काही उमटलं ते पाहून व्हर्नला आपली जीभ चावावीशी वाटली.

"नाही गं, बाळ," साइमा हळू आवाजात म्हणाली. "मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. पण जिवंत माणूस कॉफी पितो. साय धरेपर्यंत ठेवत नाही."

धक्क्याखाली पाणी चुबकत होतं. ओन्नीनं टोपी काढून हातात घेतली.

"तोइमी म्हणाले होते, नंबर आल्याशिवाय पाण्याला लावणार नाही. त्यांनी शब्द पाळला," साइमा म्हणाली. "ते पाण्यावर गेलेच नाहीत. ते गेले असं सांगितलं एकाच माणसानं. बोट त्याच्या कोठारात होती. टपालपेटी त्याचीही होती. ओन्नी, आता तुम्ही सांगा. मी सांगण्यापेक्षा ते बरं."

ओन्नी पुतणीकडे बघून बोलला. बाकी कुणी तिथं नव्हतंच जणू.

"एक धक्का दिला मी. एकच. शेडमध्ये. सगळं त्याच्या नावावर होतं, सिल्वी. घर, शेड, गाडी, दारावरची पाटी. मी कधी ब्र काढला नाही. पण ही बोट मी फळी फळी वाकवून बांधली होती. अर्ज त्यानं भरला, लिफाफा माझ्यासमोर चिकटवला. मी विचारलं, कुणाचं नाव घातलंस? तो हसला. म्हणाला, येईल तेव्हा बघ. पोस्टात विचारलं, तरी हसला. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पुन्हा विचारलं. पुन्हा हसला. मी ढकललं. मागं रूळ होता." त्यानं हातातली टोपी चुरगाळली. "आवाजसुद्धा केला नाही गं त्यानं."

सिल्वीनं दोन्ही हातांनी धक्क्याचा खांब धरला.

"सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. घाबरलो. बोट लपवली. मग नोव्हेंबरात लिफाफा आला."

त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी काढली. घड्यांवर झिजलेली, फार वेळा उघडलेली. साइमानं ती उघडली. बोटीचं मालकीपत्र. तिनं ते वाचलं, आणि पुन्हा वरून वाचलं.

"मोठ्यानं वाच," तो म्हणाला.

"मालक, तोइमी रौतिओ आणि ओन्नी रौतिओ." तिनं पुढची ओळ वाचली. "दोघांपैकी एक गेल्यास पूर्ण हक्क मागे राहणाऱ्याचा."



"म्हणून हसत होता," ओन्नी म्हणाला. "मला चकित करायचं होतं त्याला."

व्हर्ननं तोंड फिरवलं.

"कायद्यानं बोट तुमची आहे," साइमा म्हणाली. "पुरी."

"म्हणूनच नको होती. जाळायलाही धजेना, त्याचा अर्धा हात होता तिच्यात. म्हटलं, सिल्वी आलीय, पाण्यावरून तिच्याकडे जाऊ दे. बापानं पाठवली असं वाटेल तिला."

"नंबर डागला नसतात, तर मला काही म्हणजे काही कळलं नसतं."

ओन्नीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तीच काहीतरी भलतं बोलली होती. "बिननंबराची पाण्यात कशी घालणार? तोइमीनं मला ते शिकवलं नव्हतं."

मग त्यानं व्हर्नकडे पेन मागितलं. मालकीपत्र गुडघ्यावर ठेवलं आणि विकणाऱ्याच्या ओळीवर सही केली. सही सुवाच्य आली. त्यानं कागद आणि पेन पुतणीपुढं धरलं. घेणाऱ्याच्या ओळीवर जागा कोरी होती.

सिल्वीनं पेन घेतलं नाही.

"कुठं आहेत ते?" तिनं विचारलं.

"साउनाच्या मागं. बर्चखाली. पाय पाण्याकडे करून ठेवलाय, त्याला दिसावं म्हणून. बुधवारी आणि शनिवारी मी दोघांसाठी तापवतो."

तिनं खूप वेळ त्याच्याकडे पाहिलं. व्हर्नला वाटलं, आता ही त्याच्या थोबाडीत मारणार. मारली असती तरी कुणी अडवलं नसतं. ती वळली, शेडच्या भिंतीला टेकलेली वल्ही उचलून आणली आणि बोटीत टाकली. मग स्वतः उतरून मागच्या आडफळीवर बसली. कोटाच्या खिशातून वडिलांची टोपी काढून तिनं मांडीवर ठेवली.

"चल," ती म्हणाली. "मला बाबांकडे ने."

तिनं या वेळी काका म्हटलं नाही. ओन्नीला ते ऐकू आलं असावं, कारण तो क्षणभर तिथंच उभा राहिला. मग कागद साइमाच्या हातात देऊन तो उतरला, वल्ह्यांवर बसला आणि व्हर्ननं दोर सोडला. बोट धक्क्यापासून सुटली. ती पहिल्यांदाच माणसांना घेऊन निघाली होती.

"साइमा," व्हर्न कुजबुजला, "शेरीफ येतोय. हा पळून गेला तर?"

"शेरीफला खाडीच्या टोकावर पाठव. तो तिथंच असेल."

"पण धुकं बघ किती आहे! पळाला तर कोण शोधणार?"

"व्हर्न, खून लपवलेल्या माणसाला बिननंबराची बोट पाण्यात घालवली नाही," साइमा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा करकरीत नव्हता. "तो कुठं पळतोय?"

धुक्यात आधी सिल्वीची पाठ दिसेनाशी झाली, मग ओन्नीचे खांदे, मग नाळेवरचा काळा नंबर. वल्ह्यांचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला. साइमा ती सही केलेली, अर्धी कोरी घडी हातात धरून उभी होती. व्हर्ननं आपला कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला आणि नवल म्हणजे, बोलणी न देता तिनं तो अंगाभोवती ओढून घेतला.